कापलेला ‘की’

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. सोलापूरच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापायच्या आधी पान माझ्यासमोर यायचं, मी ते लाल पेनानं रक्तबंबाळ करायचो आणि परत पाठवायचो. वार्ताहराचं नाव छापून येतं, संपादकाचं येतं. आमचं नाव कुणी घेतलंच तर चूक राहिली म्हणून घेतं. त्यामुळे ज्या दिवशी आपली कुणालाच आठवण झाली नाही तो दिवस चांगला गेला, असं समजायची सवय लागते. माझा एकच अभिमान होता आणि तो मी निवृत्तीच्या समारंभातही बोलून दाखवला. तीस वर्षांत माझ्यामुळे पेपरात एकदाही दिलगिरीची चौकट छापावी लागली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली. त्या शालीबद्दल आता थोडं ओशाळं वाटतं. का, तेच सांगतो.

निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले. दुकानांच्या पाट्या वाचून मी रस्त्यात थांबायचो. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांच्या आधी ऱ्हस्वदीर्घ बघायचो. शेवटी सुनेनं कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन ज्ञानकोश उघडून दिला आणि म्हणाली, “बाबा, ह्यात कुणीही लिहू शकतं.” मला घामच फुटला. कुणीही लिहितं म्हणजे कुणीही चुकतं. मी त्याच दिवशी ‘लालशाई’ या नावानं खातं काढलं आणि पहिल्या आठवड्यात फक्त ‘आणी’चे ‘आणि’ करत बसलो. बनियनवर, दाढी न करता, दुपारचं जेवण टेबलावर गार करत. बायको म्हणायची, “काय अवतार झालाय बघा तरी आरशात.”

बाहेरच्या माणसाला हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. ज्ञानकोशातल्या प्रत्येक नोंदीला मागची दोन पानं असतात. एक इतिहासाचं, त्यात कुणी कधी कुठला काना बदलला तेही कायमचं राहतं. दुसरं चर्चेचं, तिथं भांडायचं. आणि नियम एकच, पण कडक. तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक आहे, याला शून्य किंमत. ती कुठेतरी छापून आलेली असली पाहिजे आणि तो छापील संदर्भ तुम्ही दाखवला पाहिजे. छापील शब्दावर जन्म काढलेल्या माणसाला हा नियम फार आवडला.

त्या नियमापायी मी बरीच माणसं दुखावली. मोडनिंबच्या नोंदीत ‘प्रसिद्ध व्यक्ती’ या मथळ्याखाली एक गृहस्थ दर चार दिवसांनी आपल्या काकांचं नाव घालायचे. मी काढायचो, ते घालायचे. शेवटी त्यांनी माझा फोन नंबर मिळवला.

“काका प्रसिद्ध न्हाईत म्हणता? अवो, घोडं होतं त्यांच्याकडं.”

“घोड्याबद्दल कुठं छापून आलंय का?”

“घोड्याबद्दल कोण छापतंय? समद्या गावानं बघितलंय की.”

गावानं बघितलेलं चालत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग तुमचा कोश आंधळा हाय.” फोन ठेवल्यावर मी मोठ्या समाधानानं चहा घेतला. आपण कोशाची राखण केली, असं वाटलं मला.

याच सुमारास ‘हुबेहूब’ या कंपनीची नोंद माझ्यासमोर आली. मोहोळच्या दोन इंजिनियर भावांनी सात-आठ वर्षांपूर्वी सुरू केलेली ही कंपनी डिजिटल अवतार बनवते. म्हणजे दुकानात किंवा ऑफिसात एक पडदा लावायचा. पडद्यावर एक माणूस दिसतो, तुम्ही काही विचारलं की तो तुमच्याकडे बघून उत्तर देतो. चेहरा कॉम्प्युटरनं केलेला, आवाज कुणातरी खऱ्या माणसाचा. कंपनी आता पुण्याला गेली होती, मोठी झाली होती, पण तिची नोंद मात्र हलाखीची होती. कुण्या भाविक संपादकानं ‘अवतार’ हा शब्द वाचून ती मत्स्य, कूर्म, वराह यांच्या शेजारी विष्णूच्या अवतारांच्या वर्गात टाकली होती. भगवंताच्या यादीतून एक खासगी कंपनी मी काढली, हे माझ्या निवृत्त आयुष्यातलं सगळ्यात पुण्याचं काम असेल.

मग मी ती नोंद अद्ययावत करायला घेतली. जाहिरातीतली विशेषणं छाटली. त्यात एक परिच्छेद कंपनीच्या पहिल्या अवताराबद्दल होता. सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापड दुकानाच्या दारात तो लावला होता आणि त्याचं नाव ‘अक्का’. पुढे लिहिलं होतं : ‘अक्काने इंग्रजी अभिवादनाने, म्हणजे “हाय” या शब्दाने, बोलण्यास सुरुवात केली. आवाज पुण्यातील एका व्यावसायिक कलाकाराचा आहे.’ अभिवादनाला संदर्भ म्हणून आमच्याच दैनिकातली त्या उद्घाटनाची बातमी दिली होती. आपल्या पेपरचं नाव दिसल्यावर मी निश्चिंत झालो.

दोन दिवसांनी चर्चेच्या पानावर कुणीतरी एक ओळ लिहिली. खाली सही नाही.

‘तो आवाज माझा हाय.’

खरं सांगतो, मी आधी मनातल्या मनात ‘हाय’चं ‘आहे’ केलं. मग उत्तर लिहिलं : ‘आपले म्हणणे नोंदवले. कृपया प्रकाशित संदर्भ द्यावा.’

तासाभरात उत्तर आलं. ‘मीच संदर्भ हाय.’

मी हसलो आणि नियमाचा दुवा पाठवला. तेवढ्यात कंपनीच्या जाहिरात विभागातला एक जण चर्चेत उतरला. त्याचा मुद्दा बिनतोड होता. नवी पेठेतल्या दुकानातली बाई तोंडातून पहिलाच शब्द इंग्रजी कशाला काढेल? छापील बातमीत ‘हाय’ असा शब्द आहे. म्हणजे आवाज शहरातल्या शिकलेल्या कलाकाराचाच. मी त्याखाली लिहिलं, ‘मुद्दा योग्य वाटतो.’ हे वाक्य आजही त्या पानाच्या इतिहासात आहे. इतिहासातून काहीच पुसता येत नाही.

त्यावर त्या बाईनं एवढंच लिहिलं : ‘नवी पेठेत या. कानानं ऐका.’ आणि दुकानाची खूण दिली.

मला टॉवेल घ्यायचेच होते, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गेलो. दुपारची वेळ होती, रिक्षा आणि माणसं एकमेकांना ढकलत होती. दुकानाच्या दारात तो पडदा होता, कडेला थोडा पिवळट पडलेला. हिरव्या लुगड्यातली पडद्यावरची अक्का हात जोडून उभी. माझ्या पुढे खेड्यातली एक म्हातारी होती. तिनं पडद्याला विचारलं, “इरकल हाय का?”

पडदा म्हणाला, “हाय की. वर या, जिना डावीकडं हाय.”

असला खणखणीत, मोकळा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. म्हातारी जिन्याकडे गेली. मी मात्र दारातच उभा राहिलो. त्या ‘हाय’मध्ये इंग्रजी कुठेच नव्हतं. तो आपला ‘आहे’ होता, सोलापुरी, आणि त्याच्या मागे ‘की’ होता. सबंध जिल्हा उठता-बसता वापरतो तो ‘की’. मी पडद्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. टॉवेल हाय का? हाय की. धोतर हाय का? हाय की. लोक बघायला लागले.

गल्ल्यावरचे मालक अप्पा उठून आले. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, “लालशाई ते तुमीच व्हय? या की आत.”

आत एक पन्नाशीची बाई साड्यांच्या घड्या घालत होती. मानेवर पुसटसा व्रण होता. अप्पा म्हणाले, “ह्या महादेवीअक्का. पंधरा-सोळा वर्षं आमच्या दारात उभ्या राहून गिऱ्हाईक बोलवायच्या. ह्यांची हाक पार चौकापर्यंत जायची. मोहोळच्या पोरांनी यंत्र केलं तवा म्हणाले, आवाज दुसरा नगंच. वरच्या गोदामात, साड्यांच्या गठ्ठ्यांत बसवून महिनाभर वाचून घेतलं ह्यांच्याकडनं. गठ्ठ्यांमुळं आवाज घुमत न्हाय म्हणून. अक्का म्हणून नाव दिलं ते बी ह्यांचंच.”

मी त्यांना नमस्कार केला. त्या काहीतरी बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला. घशातून नुसती हवा येत होती.

“मी न्हाय बोलत आता,” त्या म्हणाल्या आणि दाराकडे बोट केलं. “ती बोलती.”

अप्पांनी सांगितलं, गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला तो परत आला नाही. आणि आता कंपनीचं पत्र आलं होतं. पुढच्या महिन्यात जुने पडदे बंद होणार, नवे येणार, नव्या आवाजाचे.

महादेवीअक्कांनी माझ्या बाहीला हात लावला. “पडदा जाऊ दे,” त्या कुजबुजल्या. “पर लिवलेलं ऱ्हातंय. त्यात दुसरीचा आवाज म्हणून लिवलंय. मला वाचता येतंय.”

मी टॉवेल न घेताच घरी आलो. जेवण गेलं नाही. ‘कृपया प्रकाशित संदर्भ द्यावा’ असं जिला मी लिहिलं होतं, तिला स्वतःचा आवाज आपलाच आहे हे ओरडून सांगायचीही सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या दैनिकाच्या कचेरीत जाऊन जुन्या पुरवण्यांचे गठ्ठे काढले. बातमी मिळाली. शेवटची ओळ होती : ‘पडद्यावरील अक्का प्रथम बोलली ती अशी : हाय.’ पूर्णविराम. महादेवी हे नाव कुठेच नाही. पण मला ती ओळ खुपायला लागली. ‘ती अशी’ म्हटल्यावर एवढंच? बातमी मोहोळच्या दत्तूअण्णांची होती. आमचे जुने वार्ताहर, वही-पेनावरचा माणूस. बातमी वहीत लिहायची, तिचा फोटो काढून कचेरीला पाठवायचा आणि वही जपून ठेवायची, अशी त्यांची पद्धत. मी मोहोळची गाडी धरली.

दत्तूअण्णांनी कपाटातून वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि माझ्यासमोर धरली. त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : ‘पडद्यावरील अक्का प्रथम बोलली ती अशी : हाय की. आवाज दुकानातल्याच महादेवी यांचा.’

ती दुपार मला लख्ख आठवली. पुरवणीचं पान तीन वाजता सुटायचं होतं आणि ही बातमी दोन ओळींनी वाढत होती. शेवटचं वाक्य मी काढलं, कारण बातमी नेहमी शेपटाकडून कापतात. आणि ‘हाय की’मधला ‘की’ मी लाल पेनानं उडवला, कारण ‘की’ हे उभयान्वयी अव्यय आहे, त्याच्यापुढे वाक्य लागतं, ते मध्येच लोंबकळत ठेवता येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात तसंच आहे. घरी दिवसातून शंभर वेळा ‘ये की’, ‘बस की’ म्हणणारा मी, कचेरीत खुर्चीत बसलो की पुस्तकातला माणूस व्हायचो.

“तुमीच कापलं व्हय?” दत्तूअण्णांनी विचारलं.

“मीच.”

“व्हय, म्हाईत हाय.”

“मग तेव्हाच फोन का केला नाहीत?”

“केलता की,” दत्तूअण्णा शांतपणे म्हणाले. “तुमी म्हणालात, अण्णा, वाक्य की-नं संपत न्हाय. मग म्हटलं, प्रूफवाल्याशी कोण भांडणार.”

मला तो फोन आठवत नव्हता. त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होता. मी एक अक्षर आणि एक नाव कापलं होतं आणि त्या भोकातून पुण्याची कलाकार आत शिरली होती. एका बाईचा आवाज मी माझ्या हातानं दुसरीला दिला होता आणि वर तिच्याकडे संदर्भ मागितला होता. मला त्या माणसासमोर मान वर करवेना. त्यांनी ताक दिलं, ते मी प्यालो.

पण वही हा संदर्भ होत नाही. माझी कबुली हाही होत नाही. छापील हवं. मोडनिंबच्या घोड्याला लावलेला नियम मला लागू होता. वाटेत गाडीतच ठरवलं, तीस वर्षांत जे एकदाही छापावं लागलं नाही तेच आता छापून घ्यायचं.

दैनिकाच्या आताच्या संपादक एक तरुण बाई आहेत. त्यांनी वहीचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काका, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापतात. एवढ्या वर्षांनी लोक हसतील.”

“हसू द्या. हसले म्हणजे वाचली असं होईल.”

त्यांनी मजकूर केला. ‘अनवधानाने एक शब्द व एक वाक्य गळाले’ असं सुरू केलं होतं. मी त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं आणि ‘अनवधानाने’ काढून टाकलं. अनवधान नव्हतंच. डोळे उघडे ठेवून, विचार करून कापलं होतं. त्या जागी लिहिलं, ‘तत्कालीन मुद्रितशोधकाने चुकीच्या समजुतीने’, आणि पुढे माझं पूर्ण नाव. बाई म्हणाल्या, “नाव नको काका, बरं दिसत नाही.” मी म्हटलं, “एका नावासाठीच हे सगळं चाललंय. एक कापलं होतं, त्याच्या बदल्यात हे छापून जाऊ दे.”

चौकट छापून आली. दैनिकात माझं नाव पहिल्यांदाच आलं, तेही दिलगिरीत. बायकोनं ते कात्रण निवृत्तीच्या शालीच्या घडीत ठेवलं. आमच्या घरात विनोद असा न बोलता होतो.

आता नोंद बदलायची तर ती मला बदलता येत नव्हती. ज्या प्रकरणात आपण स्वतः आहोत त्या नोंदीला हात लावायचा नाही, हाही नियमच. मी चर्चेच्या पानावर सगळं लिहिलं. कापणारा मीच, ‘मुद्दा योग्य वाटतो’ म्हणणाराही मीच. चौकटीचा दुवा दिला आणि कुणा तटस्थ संपादकानं बघावं अशी विनंती केली. कोकणातल्या एक संपादिका पुढे आल्या. त्यांनी जुनी बातमी बघितली, चौकट बघितली. कंपनीच्या माणसाला विचारलं, ‘पुण्याच्या कलाकाराला तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळाशिवाय दुसरा संदर्भ आहे का?’

तिसऱ्या दिवशी मला फोन आला तो थेट कंपनीच्या थोरल्या भावाचा.

“काका, जुन्या फायली काढल्या आज. पहिलीच उघडली तर अक्का इचारत्यात, ‘सुरू झालं व्हय?’ मी खुर्चीतच बसून ऱ्हायलो बघा.” मग म्हणाला, “जाहिरातीचा मजकूर बाहेरून लिवून घेतला होता. त्यांनी कात्रण वाचलं, हाय वाचलं, पुढं कहाणी रचली. आमी वाचून बी आमाला काय वाटलं न्हाय. मोहोळचे असून हाय म्हंजे इंग्रजी वाटलं. पुण्यात ऱ्हाऊन कान बिघडले आमचे.”

“माझे सोलापुरात राहून बिघडले होते,” मी म्हटलं.

तो हसला. म्हणाला, आम्ही चूक लेखी कबूल करतो. आणि नव्या पडद्यातही हाच आवाज ठेवायचा म्हणतोय, पण आधी अक्कांना विचारायला स्वतः येतो. तो खरंच आला, धाकट्याला घेऊन. दोघे दुकानात पायऱ्यांवर बसले होते आणि महादेवीअक्का त्यांना, अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे, अर्धा तास बिनआवाजाचं झापत होत्या. मग हो म्हणाल्या.

त्याच दुपारी नोंद बदलल्याचं मला कळलं आणि मी नवी पेठेत धावलो. धावलो म्हणजे या वयात जेवढं जमतं तेवढं. दुकानात गर्दी होती. अप्पांनी गल्ला सोडला, कामगार घड्या सोडून जमले. मी फोन महादेवीअक्कांच्या हातात दिला. मी वाचून दाखवणार होतो, पण त्यांनी मान हलवली. त्यांना वाचता येत होतं.

त्या सावकाश वाचत होत्या. ‘या अवताराचा आवाज नवी पेठ, सोलापूर येथील महादेवी यांचा आहे.’ तिथं बोट थांबलं. बोट एकदा त्या नावावरून फिरलं, परत फिरलं. डोळे भरले, माझेही भरले, ते लपवायचं काही कारण नाही. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी नखानं पडद्यावर टकटक केलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

ओळ होती : ‘अवताराचे पहिले शब्द “हाय कि” असे होते.’

कोकणातल्या बाईंनी ‘कि’ ऱ्हस्व लिहिला होता. मराठीतली सगळ्यात सर्रास चूक. इतक्या आनंदात माझ्या नजरेतून ती सुटली होती. महादेवीअक्का माझ्या कानाशी आल्या.

“असा तोडून न्हाय म्हणत आपण. लांब म्हणतो.”

शुद्धलेखन सुधारायला कुणालाच बंदी नाही, त्यात पक्ष नसतो. मी उभ्या उभ्या, साड्यांच्या ढिगाला टेकून, नोंद उघडली. वर्षानुवर्षं कापत आलो तो शब्द समोर होता. मी त्याची पहिली वेलांटी काढली आणि दुसरी दिली. बदलाचं कारण लिहायची एक जागा असते, तिथं लिहिलं : ‘की दीर्घ.’ आणि जतन केलं. दारातून कुणीतरी काठापदराचं विचारत होतं आणि पडदा आपल्या खणखणीत आवाजात त्यांना वर बोलावत होता.

महादेवीअक्कांनी भुवया उंचावून विचारलं, “झालं?”

“झालं की,” मी म्हणालो.